आबांच्या ट्रकचे पॉइंट

ताईचा फोन आला तेव्हा साहेब दाढी करत होते. फोन संपला तेव्हा उजवा गाल गुळगुळीत झाला होता आणि डाव्यावर साबण वाळत होता. ताई म्हणाली होती की आबांच्या दोन्ही डोळ्यांचं काम झकास झालंय, डॉक्टरांनी गाडी चालवायलासुद्धा हरकत नाही म्हणून सांगितलंय आणि येत्या रविवारी ती त्यांना घेऊन येतेय. आल्या आल्या चहासुद्धा न पिता ट्रकची एक फेरी मारणार, असं आबांनी दवाखान्यात झाडूवाल्या बाईंपासून सर्जनपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. साहेब फोनवर 'वा, वा' म्हणाले. डावा गाल त्या दिवशी तसाच ऑफिसला गेला.

साहेब म्हणजे वजनमापे कार्यालयाचे उपअधीक्षक. ऑफिसात त्यांना साहेब म्हणत, कॉलनीत म्हणत, आणि बायको चिडली की घरातही म्हणत. एवढ्या मोठ्या माणसाच्या दारात तो ट्रक शोभत नसे हे खरं. आबांनी सगळी हयात त्या पेट्रोलच्या ट्रकवर काढली, मुलाची, म्हणजे साहेबांची, फी त्याच ट्रकने वाहून आणली, हेही खरं. पण नव्या माणसाने कुंपणाआत उभ्या त्या निळ्या धुडाकडे बोट दाखवलं की साहेब म्हणत, "आहे एक जुनी वस्तू," आणि विषय पावसापाण्यावर नेत.

आबा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ताईकडे गेले तेव्हा एकच काम सांगून गेले होते. दर रविवारी गाडी चालू कर, थोडा वेळ चालू राहू दे, मग बंद कर. बस. पहिल्या रविवारी घरी पाहुणे होते आणि साहेब विसरले. संध्याकाळी आबांचा फोन आला. त्यांनी 'अरे, त्या गाडीचं' एवढंच म्हणायचा अवकाश, साहेबांनी सांगून टाकलं, "केली की चालू. पहिल्याच सेल्फला चालू झाली." आबांनी 'पहिल्याच सेल्फला?' असं विचारून घेतलं. मग म्हणाले, "असं का. छान."

दुसऱ्या रविवारी साहेबांना कंटाळा आला. तिसऱ्या रविवारी आधीच्या दोन रविवारांची लाज वाटली, म्हणून ते ट्रककडे गेलेच नाहीत. फोनवर मात्र ट्रक दर रविवारी नेमाने चालू होत होता. नुसतं 'चालू झाला' किती दिवस सांगणार, म्हणून साहेब तपशील भरू लागले. आज गाडी जरा खोकली हो आबा, पण मग सूर लागला. आज थंडीमुळे वेळ घेतला. आज मी काच पुसली, हॉर्न वाजवून पाहिला. आबा सगळं मन लावून ऐकत आणि पुढचं विचारत. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐके आणि आपण कुणाशी संसार मांडला याचा नव्याने विचार करी.

तर, ताईचा फोन आला त्याच संध्याकाळी साहेब, आबा ताईकडे गेल्यापासून पहिल्यांदा, ट्रकमध्ये चढले. किल्ली फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. ट्रक साधा कुरकुरलासुद्धा नाही. साहेबांना खरोखर धक्का बसला. इतके रविवार त्यांनी तो ट्रक तोंडाने इतक्यांदा चालू केला होता की तो बंद असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

बॅटरी उतरली होती. ती चार्ज करून आणली, तेव्हा ट्रकने सेल्फ तरी घेतला. खर्रर्र करून इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. चौकातल्या गॅरेजवाल्याला बोलावलं. स्वच्छ टी-शर्टातला तरुण गृहस्थ, हातात एक छोटा संगणक आणि त्याला लोंबणारी वायर. त्याने स्टिअरिंगखाली पाहिलं, सीटखाली पाहिलं, बॉनेट उघडून पाहिलं, मग साहेबांना अतिशय नम्रपणे विचारलं, "वायर कुठे खोचायची?" साहेबांनी ते आपल्याला ठाऊक असल्यासारखा चेहरा करून बॉनेटमध्ये डोकं घातलं. दोघांनी बराच वेळ शोधलं. शेवटी गॅरेजवाल्याने संगणक पिशवीत ठेवला आणि अशी गाडी आपण फोटोत पाहिली होती, असं सांगून तो निघून गेला.

एव्हाना कॉलनीला कुणकुण लागली होती. साहेबांनी बॉनेट उघडलंय ही गोष्ट साहेबांनी लुंगी नेसून भाजी आणण्याइतकी नवलाची होती. शेजारचे मॅनेजर आले. हे बँकेतून निवृत्त झाले होते, पण नकार देण्याची सवय निवृत्त झाली नव्हती. "होणार नाही चालू," ते आल्या आल्या म्हणाले. "पेट्रोल मेलेलं आहे." पेट्रोल मरतं कसं, हे साहेबांना कळेना, पण मॅनेजरांनी ते अशा गंभीरपणे सांगितलं की टाकीजवळ दोन मिनिटं उभं राहावं असं वाटलं. मेलेलं पेट्रोल काढलं, जिवंत घातलं. ट्रक ढिम्म.

मग वरच्या मजल्यावरचे वायरलेसकाका खाली आले. काकांनी सारी नोकरी जहाजावर वायरलेस ऑफिसर म्हणून केली होती. जगातली कुठलीही बिघडलेली वस्तू ते रेडिओ समजूनच उघडत, आणि एकदा उघडली की ती पुन्हा बंद होत नसे. त्यांनी इंजिनच्या कडेला असलेल्या एका काळ्या टोपीवर बोट ठेवलं. टोपीतून जाड वायरी निघून इंजिनात शिरल्या होत्या. याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात, काका म्हणाले. कॉइलचा, म्हणजे ठिणगीला जोर देणाऱ्या डबीचा, करंट मधल्या वायरीने इथे येतो आणि इथून एकेका प्लगला वाटला जातो. टोपी काढल्यावर आत एक छोटी जोडी दिसली, धातूचे दोन ठिपके एकमेकांना चिकटून बसलेले. हेच पॉइंट. ते उघडले की ठिणगी पडते, आणि हे तर जळून काळे झालेत. साहेबांना हायसं वाटलं. दुखणं सापडलं होतं.

दुखणं सापडलं, पण औषध कुणाला ठाऊक होतं? ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याच्यापासूनच तर सगळं लपवायचं होतं. साहेबांनी धीर एकवटून आबांना फोन लावला. "सहज विचारतो हं आबा. आमच्या ऑफिसात एकाची जुनी गाडी आहे, तिच्या पॉइंटचं काहीतरी झालंय."

"असं का," आबा म्हणाले, आणि मग असे खुलले की ताईला त्यांच्या हातातलं ताट काढून घ्यावं लागलं. डोळ्यांवर पट्टी पडल्यापासून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. पॉइंट बारीक कानशीने घास म्हणाले, पण पॉलिश पेपर नको, त्याची कच आत राहते. डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या दांड्याचा उंचवटा बरोबर पॉइंटच्या पायाखाली येईपर्यंत बाहेरून हँडलने इंजिन फिरव. तिथे पॉइंट जास्तीत जास्त उघडतात. ती फट मोजायची. दांड्याला ग्रीसचं नुसतं बोट लाव, थापायचं नाही. टायमिंगसाठी पॉइंटमध्ये पातळ कागद धर आणि कुणाला तरी हँडल हळूहळू फिरवायला सांग. कागद ज्या क्षणाला सुटेल, तो ठिणगीचा क्षण. "आणि हे सगळं झालं ना, की मग शेवटी," आबा म्हणाले आणि थांबले. "बरं, राहू दे. एवढं करू दे त्या माणसाला."

फट मोजायला फिलर गेज लागतं, म्हणजे पोलादाच्या पातळ पात्यांची जुडी. साहेबांचा ऊर भरून आला, कारण ती जुडी त्यांच्याच ऑफिसच्या कपाटात होती. कपाट उघडायला अर्ज लागत होता. साहेबांनी अर्ज केला. अर्ज अधीक्षकांकडे जायचा, ते रजेवर होते आणि त्यांचा कार्यभार साहेबांकडेच होता. म्हणजे साहेबांचा अर्ज साहेबांच्याच टेबलावर आला. कारण या रकान्यात त्यांनी 'वैयक्तिक' लिहिलं होतं, आणि वैयक्तिक कामासाठी प्रमाणित उपकरण बाहेर नेता येत नाही असं परिपत्रक खुद्द साहेबांनीच काढलेलं होतं. हेडक्लार्क समोर उभा राहून बघत होता. साहेबांनी मन घट्ट करून स्वतःचा अर्ज फेटाळला आणि वर शेरा मारला की अर्जदाराने यापुढे असे अर्ज करू नयेत. घरी जाताना त्यांना स्वतःचाच फार राग आला होता.

शेवटी फट साहेबांच्या व्हिजिटिंग कार्डाने मोजली. फिलर गेज नसलं तर कडक कार्ड चालतं, हे आबांनीच जाता जाता सांगितलं होतं. बायकोने हँडल धरलं. तिचं म्हणणं होतं की लग्नापूर्वी हे काम कुणी सांगितलं नव्हतं, पण हँडल तिने साहेबांपेक्षा बरं फिरवलं. साहेब बॉनेटमध्ये वाकून 'अजून, अजून, थांब, मागे' असं सांगत होते, आणि थांब म्हटल्यावर ती थांबत होती, ही गोष्टही त्या घरात नवी होती. स्क्रू आवळला की फट बदलायची. फट साधली की स्क्रू सैल राहायचा. साहेबांच्या बोटांची सालं निघाली, नखांत काळं बसलं, कोपर पंख्याच्या पात्याला लागून सोललं. पण शेवटी कार्ड हलकेच अडत आत गेलं आणि तसंच बाहेर आलं. मग पातळ कागद धरला, बायकोने हँडल तसूभर पुढे नेलं, आणि कागद सुटला. साहेबांना एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत त्यांनी फायलीबाहेरचं काही पूर्ण केलं, असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

शनिवारी सकाळी परीक्षा. कॉइलची मधली वायर टोपीतून काढून इंजिनच्या लोखंडाजवळ धरायची आणि सेल्फ मारायचा, ठिणगी दिसली म्हणजे पॉइंट बरोबर, असं काकांनी सांगितलं. वायर धरायला मॅनेजर पुढे झाले, कारण ठिणगी पडणार नाही अशी त्यांची खात्री होती. वायरीच्या तुटक्या रबरावरच त्यांची मूठ पडली. साहेबांनी सेल्फ मारला, आणि मॅनेजर कुंपणापाशी उभे असलेले दिसले. मधलं अंतर त्यांनी कसं कापलं, ते कुणी पाहिलं नाही. चष्मा ट्रकमध्येच राहिला होता. पुढे दिवसभर ते सगळ्यांना, दूधवाल्यालासुद्धा, अहोजाहो करत होते.

तर करंट होता. कोपरापर्यंत होता. वायर परत टोपीत बसवली, सेल्फ मारला, आणि ट्रक पुन्हा ढिम्म. कॉइलला करंट येतोय, प्लगला जात नाही. मग मधल्या मधे जातो कुठे? टोपी पुन्हा उघडली. टोपीच्या पोटात मधोमध कार्बनचं एक बटण होतं, कडेने धातूचे ठिपके होते, आणि बटणापासून ठिपक्यांपर्यंत नुसती हवा. साहेबांनी विचारलं, "काका, मधल्या बटणावरून कडेला करंट जातो कसा? इथे तर काहीच नाही."

काका नुसते हसले. ज्याने आयुष्यभर समुद्रावरून हवेतून संदेश पाठवले, त्याला हे विचारायचं? करंट हवेतून जातो, ते म्हणाले, त्याला वायर कशाला लागते? माझी पेन्शन त्याच्यावरच चालू आहे. हे इतक्या अधिकाराने सांगितलं गेलं की साहेबांना आपल्या प्रश्नाची शरम वाटली. हवा दमट असेल म्हणून बायकोचा केस वाळवायचा पंखा आणून टोपीत गरम हवा भरली. मग सेल्फ. मग पुन्हा गरम हवा. मॅनेजर कुंपणापाशी उभे राहून 'आपण पेट्रोल थोडं अधिक दिलंत तर बरं, साहेब' असं अदबीने सुचवत होते, आणि साहेब बेभान होऊन अ‍ॅक्सिलरेटर दाबत होते. सगळ्या आवारात पेट्रोलचा वास सुटला. समोरच्या दोरीवर कुणाच्या तरी पांढऱ्या चादरी वाळत होत्या.

याच वेळी फाटकाशी ताईची गाडी थांबली. रविवारी यायची माणसं शनिवारी आली होती, कारण आबांना दम निघेना.

आबा काळा चष्मा लावून उतरले. त्यांना दिसलं ते असं: बॉनेट उघडं, डिस्ट्रिब्युटरची टोपी वायरींसकट लोंबते आहे, सून केस वाळवायचा पंखा घेऊन उभी, मॅनेजर बिनचष्म्याचे, आणि आपला मुलगा बनियनवर, तोंडाला काळं. सांगण्यासारखं पुष्कळ त्यांनी मनात रचून ठेवलं होतं. गेल्या रविवारपर्यंत उत्तम चालत होती, आजच काय झालं कोण जाणे, वगैरे. यातलं काही तोंडातून बाहेर पडण्याआधी आबा डिस्ट्रिब्युटरपाशी गेले, सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि रुमालाची गाठ सोडून एक तपकिरी चॉकलेटाएवढा तुकडा काढला. त्याच्या डोक्यावर पितळेची पट्टी होती.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"रोटर. मधला करंट कडेला हाच नेतो. हा नसला तर गाडी जन्मात चालू होत नाही." वायरलेसकाका एकाएकी आभाळाकडे बघू लागले. "गाडी सोडून कुठे जायचं तर हा काढून खिशात टाकायचा. चोर आला तरी हात हलवत जातो. जन्माची सवय आहे, इथून निघतानाही हात आपोआप गेला."

एकेक रविवार साहेबांच्या डोळ्यांपुढून जाऊ लागला. सुरात लागलेलं इंजिन, थंडीतला खोकला, वाजवून पाहिलेला हॉर्न. हे सगळं ते ज्या माणसाला सांगत होते, त्याच्या खिशात गाडीचा जीव होता. मॅनेजरांना बसलेला धक्का याच्यापुढे काहीच नव्हता.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..." साहेबांनी रोटरकडे बोट केलं. "मग त्याच वेळी बोलला का नाहीत आबा?"

"बोलणारच होतो. रोटर चुकून माझ्याकडे आलाय, गाडी चालू करायच्या भानगडीत पडू नकोस, हे सांगायलाच फोन केला होता. तेवढ्यात तूच म्हणालास, चालू झाली." आबांनी रोटर रुमालाने पुसला. "म्हटलं, बघू तरी."

"आणि नंतर?"

"नंतर ऐकायला बरं वाटायचं. डोळ्यांवर पट्टी, करायचं काय दिवसभर. तू सांगायचास मोठं छान. एकदोनदा तर मी खिसा चाचपून पाहिला."

ताईने तोंड फिरवलं. साहेबांना वाटलं, दोन थोबाडीत मारल्या असत्या तर सोपं झालं असतं. आबा मात्र वाकून नव्या डोळ्यांनी पॉइंट बघत होते. नखाने त्यांनी ते उघडले, मिटू दिले, दांड्यावरचं ग्रीस बोटाने चाचपलं.

"पॉइंट कुणी बसवले?"

"मी बसवले, आबा."

आबांनी मान हलवली, पण साहेबांकडे बघून नव्हे. ते सुनेकडे वळले आणि म्हणाले, "सूनबाई, पॉइंट कुणी बसवले गं?"

सगळ्या कॉलनीदेखत हे घडलं. उपअधीक्षकांच्या सहीवर जिथे तराजू खरे ठरत, तिथे त्यांच्या घरातल्या शब्दाची ही किंमत होती. "यांनीच," बायको म्हणाली. "दोन रात्री झोपले नाहीत. मी हँडल मारत होते." तरीही आबांनी साहेबांचे दोन्ही हात पकडून उजेडात धरले. नखांतलं काळं पाहिलं, सालटं गेलेली बोटं पाहिली, सोललेलं कोपर पाहिलं. पुरता पंचनामा झाल्यावर हात सोडले. "बरोबर बसलेत," ते म्हणाले.

मग त्यांनी रोटर दांड्यावर दाबून बसवला, टोपीच्या कड्या लावल्या, ट्रकमध्ये चढून सेल्फ मारला. सकाळपासून ओतलेलं सगळं पेट्रोल न जळता सायलेन्सरमध्ये साठलं होतं. ते एकदम पेटलं. असा बार झाला की मॅनेजर पुन्हा कुंपणापाशी जाऊन उभे राहिले, बायकोच्या हातातला पंखा पडला, आणि दोरीवरच्या पांढऱ्या चादरी पांढऱ्या राहिल्या नाहीत. कुणाच्या तरी खिडकीतून 'अरे देवा' असं ऐकू आलं. धूर विरला तेव्हा त्याच्या आड इंजिन चालू होतं. न खोकता, न अडखळता, एका लयीत. फोनवर साहेबांनी ते इतक्यांदा ऐकवलं होतं, पण असा आवाज त्यांना जमला नव्हता.

आबांनी डोकं बाहेर काढलं. "चढ त्या बाजूने."

ती क्लीनरची बाजू होती. साहेबांनी एकदा बनियनकडे पाहिलं, एकदा जमलेल्या कॉलनीकडे पाहिलं आणि चढले. ट्रक मागे घेतल्याशिवाय फाटकाबाहेर निघत नव्हता. मागे भिंत, भिंतीला लागून मॅनेजरांच्या गुलाबाच्या कुंड्या, आणि त्या बाजूच्या आरशाची नुसती दांडी उरलेली. मागचं सांगायचं काम क्लीनरचं. साहेब दारातून अर्धे बाहेर लटकले. सांगण्यात वीतभर चूक झाली तर भिंत जाणार होती, आणि गेली तर ती आबांच्या हातून जाणार होती.

त्यांनी दाराच्या पत्र्यावर थाप मारली आणि ऑफिसात कधीही न निघालेल्या आवाजात ओरडले, "येऊ द्या, येऊ द्या. अजून हात-दीड हात. येऊ द्या."

भिंत जवळ येत होती. साहेबांनी एकदा मान वळवून आत पाहिलं. आबा मागे बघत नव्हते. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, नव्या डोळ्यांनी सरळ समोर बघत, साहेब सांगतील तेवढी गाडी ते मागे घेत होते.